तू हो पुढे

९ जानेवारी

ताईने जोडी मोडली. चहा पिता पिता मोडली, हातातला कपही खाली ठेवला नाही. "कालचा प्रयोग शेवटचा. आता आपण दोघींनी मिळून नाचायचं नाही," म्हणाली आणि बिस्किट बुडवून खाल्लं. मी विचारलं, का? तर म्हणे, पुरे झालं. आई खिडकीतून बाहेर बघत बसली, जणू तिथे कोणाची मिरवणूक चालली होती.

फ्रॉक घालायचो तेव्हापासून आम्ही दोघी एका रंगमंचावर. जाहिरातीत आमची नावंसुद्धा कधी वेगळी छापली नाहीत, 'दोघी बहिणी' एवढंच. आणि आता ती एकटीच ठरवते की पुरे. मी काय तिच्या पोशाखाची झालर आहे, उसवली आणि टाकली?

कालच्या प्रयोगात तिने काय केलं तेही लिहून ठेवते, म्हणजे पुढेमागे माझं मन वितळलंच तर वाचायला बरं. तिने सगळं नृत्य आधीच बदलून टाकलं होतं. गिरक्या मला, उड्या मला, रंगमंचभर धावपळ मला. स्वतः मध्यभागी उभी, नुसते हात आणि डोळे. घाम मी गाळायचा आणि टाळ्या हिने घ्यायच्या. तरी मी चकार शब्द काढला नाही. मोठी बहीण म्हणून. त्याचं हे फळ.

१२ जानेवारी

बाईसाहेब आता वर येत नाहीत. माझी खोली वर, ती आणि आई खाली. पूर्वी काही ना काही निमित्त काढून दिवसभर माझ्या डोक्यावर बसलेली असायची. आता एक टोपली आणलीय, तिला दोरी बांधलीय. जिन्याखालून हाक मारते, "ठिणगे, टोपली सोड!" मी जिन्याच्या कठड्यावरून टोपली सोडायची, ती त्यात डबा किंवा धुतलेले कपडे ठेवणार, मी वर ओढायचे. ठिणगी हे तिनेच लहानपणी ठेवलेलं नाव. का ठेवलं ते सांगायची गरज नाही.

जोडी मोडली म्हणून जिनाही मोडला का? एवढा माज बरा नव्हे.

खाली तिचा नृत्याचा वर्ग चालतो, त्यातही हीच तऱ्हा. स्टुलावर बसून काठीने फळीवर ताल देते. मुली चुकल्या की तोंडाने सांगते, उठून करून दाखवत नाही. सिंहासनच काय ते आणायचं राहिलंय.

२० जानेवारी

आज एका दिग्दर्शकाचा फोन आला. सिनेमा काढतोय, त्यात मुख्य भूमिका करायला मीच हवी म्हणाला. मी विचारलं, नाच कुठला? म्हणाला, नाच नाहीच. नवरा सोडून गेलेल्या एका बाईची गोष्ट आहे. ती घरातली कामं करते, मुलाला वाढवते, बस्स. नर्तकीला बोलवायचं आणि नाचू द्यायचं नाही! म्हणजे सुतार बोलावून त्याच्याकडून भिंती रंगवून घेण्यासारखं झालं.

मी नाही म्हणणार होते. तेवढ्यात खालून त्या काठीचा ठक ठक आवाज आला आणि डोक्यात तिडीक गेली. हो म्हणून टाकलं. बघू दे तिला, तिच्याशिवाय माझं काही अडत नाही ते.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "कर की. माणूस चांगला आहे म्हणे."

"कोण म्हणे?"

आई अशी स्वयंपाकघरात पळाली की जणू दूध उतू जात होतं. दूध नव्हतंच गॅसवर.

६ फेब्रुवारी

पहिला दिवस. एका जुन्या इमारतीत भाड्याने घेतलेलं घर, त्यात दिवे, तारा, आणि पाय ठेवायला जागा नाही इतकी माणसं. दिग्दर्शक काडीसारखा, माझ्याहून लहान, आवाज इतका बारीक की कान द्यावा लागतो. त्याला एकच शब्द येतो, 'कमी'. मी दार उघडलं, "कमी." मी मुलाकडे पाहिलं, "थोडं कमी करा ना." मी श्वास घेतला तरी, "अजून कमी." दुपारपर्यंत मी त्याचं नाव कमीसाहेब ठेवलं. मेकअपवाली ऐकून इतकी हसली की माझ्या नाकावर पावडर सांडली.

मला म्हणतो, "तुम्ही शेवटच्या रांगेसाठी करताय. इथे शेवटची रांगच नाही." अरे, मला माहीत आहे! पण उभा जन्म शेवटच्या रांगेसाठी भुवया उचलल्या, त्या एका दिवसात खाली कशा बसणार? त्याने मला पडद्यावर माझीच भुवई दाखवली. घरावरच्या छपराएवढी. लाज वाटली आणि लाजेचा राग आला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. मला नाचता येतं, तरी हे अंगण वाकडंच.

९ फेब्रुवारी

आज सगळ्यांनी मिळून माझी यथेच्छ शोभा केली.

दृश्य असं: बाई मोरीत भांडी घासतेय. मुलगा दारातून सांगतो की बाबा आता येणार नाहीत. बाई वळत नाही, भांडी घासत राहते. कॅमेरा तिच्या मागे. इतकंच. शाळेतल्या पोरीलाही जमेल.

मला जमत नाही. कॅमेरा मागे आहे हे कळलं की माझं अंग आपोआप वळतं. आधी खांदा, मग कंबर, मग सबंध मी. मला कळतसुद्धा नाही. कॅमेरामन म्हणाला, "बाई, तुम्ही सूर्यफूल आहात का?" झालं, त्या क्षणापासून सगळे मला सूर्यफूल म्हणायला लागले. चहावाल्यापर्यंत गेलं ते.

यांना काय सांगू? आमच्या मास्तरीणबाईंचा पहिला नियम, प्रेक्षकांना पाठ दाखवायची नाही. पोट दुखो, पाय मुरगळो, चेहरा समोर. बाहेर पडतानाही तिरकं तिरकं, नजर प्रेक्षकांवर ठेवून. लहानपणी पाठ दिसली की पायावर पट्टी बसायची. त्यातून मी आधी बाहेर पडणार आणि ताई शेवटी. ती मोठी म्हणून. तिची ती खोड तर घरातही आहे. दारातून निघायचं, दुकानात शिरायचं, रस्ता ओलांडायचा, सगळीकडे आपलं, "तू हो पुढे." जणू मी तिची बकरी आणि ती मला हाकणार. अलीकडे तर फारच.

१० फेब्रुवारी

आजही नाही जमलं. सिनेमाला पैसे लावणारा गृहस्थ येऊन बसला होता. पोटावर हात ठेवून म्हणाला, "उद्यापर्यंत बघा. नाहीतर दुसऱ्या एखाद्या बाईला घेऊ." माझ्यासमोर म्हणाला, मी टेबलखुर्ची असल्यासारखं.

हे काम गेलं तर मी घरी जाऊन काय सांगणार? की ताई, तू जोडी मोडलीस आणि माझ्याच्याने भांडीसुद्धा घासवेनात? त्यापेक्षा मी गावभर सूर्यफूल म्हणून हिंडेन.

कमीसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाला, "मी तुम्हाला तुमच्या पाठीसाठीच घेतलंय." मी म्हटलं, जपून बोला. तो घाबरला. "तसं नाही हो. तुम्हाला राग आला की तुमची मान किंचित डावीकडे पडते आणि उजवा खांदा वर येतो. समोरून ते दिसत नाही. मला ते हवंय."

त्याला कसं कळलं? रंगमंचावर माझी पाठ आजवर कोणी पाहिलेली नाही. मलासुद्धा हे माहीत नव्हतं. हेर ठेवलेत की काय या माणसाने!

घरी आल्यावर जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहून मी सगळा राग खाली ओतला. ताई खाली स्टुलावर. सगळं ऐकून म्हणाली, "मग दाखव पाठ. तो सांगतोय ना?"

"तूच पट्ट्या खाल्ल्यास माझ्यासोबत. आता म्हणतेस दाखव?"

"ठिणगे, पट्टीवाल्या बाई वारल्या. आता तरी वळू नकोस."

"तुला काय जातं सांगायला!"

तिने काठी उचलून भिंतीला टेकवली. मग म्हणाली, "टोपली सोड. डबा गार होतोय."

११ फेब्रुवारी

चोर. सगळे चोर.

सकाळी चित्रीकरणाला पोचले तोच आईचा फोन. सहज बोलता बोलता म्हणाली की ताईने पोशाखांची पेटी उघडली आणि तिचे जोडीतले सगळे पोशाख वर्गातल्या मुलींना देऊन टाकले. निळा, तांबडा, तो जरीच्या काठाचा, सगळे. ज्याच्या बटणासाठी आम्ही दोघी भांडलो होतो तोसुद्धा. मला विचारलंही नाही.

फोन ठेवला आणि पुढे काय केलं ते नीट आठवत नाही. चहाची सुट्टी होती, सगळे इकडेतिकडे पांगले होते. कुठे जाऊ कळेना म्हणून मोरीशी गेले आणि तिथली भांडी घासायला घेतली. खरी घासली. एक पातेलं तर इतकं घासलं की त्याची कड बोटात गेली. रडले नाही. रडण्यासारखं काय आहे त्यात?

हात पुसत वळले तर कॅमेरा चालू. कमीसाहेब त्याच्यामागे उभा, डोळे पाणावलेले. मला न सांगता घेतलं! मी ते पातेलं त्याच्या पायाशी आपटलं. म्हटलं, याला चोरी म्हणतात. आमच्याकडे पडदा वर गेल्याशिवाय कोणी बघत नाही. माझं घरचं दुःख तुमच्या डब्यात भरायला मी दिलं नव्हतं.

तो म्हणाला, "तुमचं बरोबर आहे. चुकलं माझं. तुम्ही बघा. नको म्हणालात तर तुमच्यासमोर पुसून टाकतो."

मी बघितलं नाही. "ठेवा नाहीतर जाळा," म्हणाले आणि निघून आले. इथे खरं लिहायला हरकत नाही. मला भीती वाटली. आपली पाठ कशी दिसते कोणाला ठाऊक.

१२ फेब्रुवारी

पोशाखांवरून भांडण. मी वर, ती खाली, आई मधल्या पायरीवर, टपाल पोचवल्यासारखी.

"तुझे ठेवलेत," ताई म्हणाली. "माझे दिले."

"एकटीचे ठेवून काय करू? उशांना घालू?"

"उशांना घाल, नाहीतर एकटीने नाच. पण मला मध्ये घेऊ नकोस."

मला मध्ये घेऊ नकोस! मध्यभागी उभी राहायला शेवटच्या प्रयोगात कोण धडपडत होतं? सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मी दार लावून घेतलं. संध्याकाळी टोपली सोड म्हणाली, मी सोडली नाही.

२ मार्च

चित्रीकरण संपलं. शेवटी शेवटी 'कमी' हा शब्द कमी झाला. कॅमेरामन सूर्यफूल न म्हणता ताई म्हणायला लागला. त्याला म्हटलं, ताई नको, सूर्यफूलच बरं.

घरी अबोला चालू आहे. मी येता-जाता बघावं तर बाईसाहेब स्टुलावर बसलेल्याच. खालच्या खोलीत शिरलं की औषधी तेलाचा वास येतो. आई म्हणते, स्वतःच्या गुडघ्यासाठी. आईचे गुडघे माझ्याहून धड आहेत, बाजारातून पिशव्या घेऊन पायी येते. उतारवयात माणसाला लाड करून घ्यावेसे वाटतात, दुसरं काय. आणि लाड करणारी ताई आहेच.

२३ ऑगस्ट

सिनेमा पहिल्यांदा दाखवणार, पुढच्या आठवड्यात, दुपारी. मी आईकरवी ताईला निरोप धाडला, यायचं असेल तर ये. आधी उत्तर आलं, नाही येत. मग तासाभराने आलं, येते. पण अटी! खुर्ची कडेची हवी. आणि आई आणि ती वेगळ्या गाडीने लवकर जाऊन बसणार.

माझ्यासोबत एका गाडीत बसायची लाज वाटते तिला. वाटू दे. कडेची खुर्ची कशाला ते कळलंच मला, मध्येच उठून जाता यावं म्हणून.

३० ऑगस्ट

कसं लिहू कळत नाही. जसं झालं तसं लिहिते.

मी पोचले तेव्हा ती बसलेली होती, कडेच्या खुर्चीत, अंगावर राखाडी शाल. मी शेजारी बसले. इतक्या महिन्यांत इतक्या जवळ आलो नव्हतो. तिच्या शालीला त्या तेलाचा वास होता. मी मनात म्हटलं, आईची शाल घेतलेली दिसते.

सिनेमा सुरू झाला. भुवया ठीक होत्या. मग ते मोरीचं दृश्य आलं आणि मी पहिल्यांदा माझी पाठ पाहिली.

बाई भांडी घासतेय. मान डावीकडे कलली, उजवा खांदा वर आला, अगदी तो म्हणाला होता तसा. मग खांदा हळूहळू खाली उतरला आणि मानेखालचं ते हाड दिसलं. त्या पाठीला काही लपवता येत नव्हतं. ती बाई रडत नव्हती, पण चित्रपटगृहात कोणीतरी हुंदका दिला. मला उठून तिच्यावर शाल टाकावीशी वाटली. ती मीच होते.

ताईने अंधारात माझा हात धरला. "म्हणून तर दाखवायची नसते," ती म्हणाली. "पाठीवरून सगळं कळतं."

दिवे लागले. आम्हाला पडद्यासमोर बोलावलं. मी ताईला म्हटलं, चल ना. ती म्हणाली, "तू हो पुढे."

पुढे गेले. टाळ्या, फुलं, फोटो. मग पडद्याशेजारच्या दाराने आम्हाला बाहेर नेलं. बाहेर उभी असताना माझं पित्त खवळलं. सगळं जग चांगलं म्हणतंय आणि ही एक शब्द बोलली नाही! हात धरला म्हणजे झालं? सगळ्यांना तिथेच सोडून मी त्याच दाराने परत आत गेले. आज तिच्याकडून वदवून घ्यायचंच ठरवलं होतं.

आत सगळं रिकामं झालं होतं. फक्त ताई आणि आई उरल्या होत्या. वरच्या दाराकडे जाणारी वाट चढाची, आणि ताई त्या चढावरून चालली होती. माझ्याकडे पाठ करून.

एका हाताने खुर्चीची पाठ धरायची, शरीर ओढायचं, मग पुढची खुर्ची धरायची. दुसरा हात आईच्या खांद्यावर. दर पावलाला तिचा डावा खुबा खाली कोसळायचा आणि सगळं अंग त्याच्यामागे जायचं. माझी ताई. जिच्या एका गिरकीसाठी लोक पुन्हा तिकीट काढायचे.

मी हाक मारली नाही. ती दारापर्यंत पोचेपर्यंत मी तिथेच उभी राहिले. टोपली, स्टूल, कडेची खुर्ची, तेल, 'तू हो पुढे', सगळं एकेक करून माझ्या कानफटात बसत गेलं.

३१ ऑगस्ट

सकाळी खाली गेले. जिन्यानेच. ती स्टुलावर बसून चहा पीत होती.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग आईकडे. आई खिडकीतून बाहेर बघायला लागली.

"आईकडे काय बघतेस? काल मी मागून आले होते."

तिने कप खाली ठेवला. "खुबा झिजलाय. शेवटच्या प्रयोगाच्या आधीपासून. डॉक्टर म्हणाले, नाचायचं नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय झालं असतं?"

"मी सांभाळलं असतं! तुझ्या वाटचं मी नाचले असते."

"नाचलीसच की. शेवटच्या प्रयोगात दुसरं काय केलंस? घाम तुझा आणि लोक बघत होते मला. असं किती वर्षं तुझ्या घामावर उभी राहू? तू मला सोडून कधी गेली नसतीस. वेडी आहेस तू. म्हणून हाकललं."

घाम तुझा. हे मी कोणाला बोलले नव्हते, फक्त इथे लिहिलं होतं. आणि तिला ते आधीच माहीत होतं.

मला दया वगैरे आली नाही, रागच आला. जानेवारीपासून मी हिच्यावर दात-ओठ खाल्ले, दारं आपटली, टोपली सोडली नाही, आणि ही खाली दुखणारा पाय घेऊन ते सगळं ऐकत बसली होती. माझ्याकडून एवढा राग चुकीच्या जागी खर्च करवला हिने! म्हटलं, "कोणी सांगितलं होतं तुला माझं भलं करायला? मला विचारलं होतंस?" आई रडायला लागली. तिलाही म्हटलं, "तू गप्प बस, तूही यात सामील." ताई हसायला लागली. म्हणून आणखी भडकले.

मग वर जाऊन टोपलीची दोरी कापली आणि गादी खाली आणली. आजपासून मी खालीच झोपणार. आईने पलंग सरकवला. पुढच्या सिनेमाचं विचारायला कमीसाहेबाचा फोन आला, आणि घेताना आठवलं की माझ्या मानेचं याला कोणी सांगितलं ते विचारायचं राहूनच गेलंय. पण तेवढ्यात त्याने "ताई कशा आहेत?" म्हणून विचारलं, आणि मी त्याला सांगत बसले. बिचारा, काल गर्दीत लांबून पाहिलं असेल तेवढंच, तरी चौकशी केली.

संध्याकाळी ताईला म्हटलं, चल, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन येऊ. ती काठी घेऊन उठली. वर्गात ताल द्यायची तीच काठी. दाराशी आल्यावर थांबली आणि सवयीने हात केला. "तू हो पुढे."

"नाही," मी म्हटलं. "तू हो पुढे."

"मोठी कोण आहे इथे?"

"तूच. म्हणून तर पुढे."

"ठिणगे, भांडायचंय का?"

"हो."

तिने मला एक शिवी दिली, मास्तरीणबाईंनी ऐकली असती तर पट्टी मोडली असती अशी. मग वळली आणि चालायला लागली. खुबा पडत होता, काठी वाजत होती. मी हात दिला नाही, तिने काठीनेच मारलं असतं. मी मागून चालत राहिले, आणि कोपऱ्यापर्यंत मला तिची पाठ दिसत होती.